चार फुटांच्या वर

१८ नोव्हेंबर २०१९

जयाने आज ही वही दिली आणि बजावलं की ती शिकवेल ते रोज लिहून ठेवायचं, म्हणजे तोच प्रश्न मी तिला पाच वेळा विचारणार नाही. पोरगी भोपाळहून आर्किटेक्ट होऊन आली तेव्हापासून ऑफिसात मालक ती आणि उमेदवार मी. पस्तीस वर्षं जबलपुरात मदन महालमध्ये बसून नकाशे काढले, आधी ट्रेसिंग पेपरवर शाईने, मग कॉम्प्युटरवर, आणि आता सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा पहिलीत बसलो आहे.

तर आजचा धडा. आता नकाशा काढायचा नसतो. आधी अख्खं घर कॉम्प्युटरमध्ये उभं करायचं, भिंती, जिने, छत सगळं. मग त्याला आडवा काप दिला की नकाशा मिळतो. काप किती उंचीवर द्यायचा, वर कुठपर्यंत बघायचं, खाली कुठपर्यंत, हे आकडे एका चौकटीत भरायचे. त्या चौकटीचं नाव व्ह्यू रेंज. काप साधारण चार फुटांवर ठेवतात, कारण तिथे दारं आणि खिडक्या दोन्ही कापल्या जातात आणि दिसतात. चार फुटांच्या वर जे असेल ते घरात असतं, नकाशात येत नाही.

मी म्हटलं, यात नवीन ते काय. आमचे बाबा, म्हणजे डोमाजी, आयुध कारखान्यात ट्रेसर होते, नकाशे शाईने गिरवायचे, ते हेच सांगायचे. फक्त त्यांचं पुढे एक वाक्य असायचं, की डोक्यावरचं सोडून द्यायचं नाही, ते तुटक रेषेने दाखवायचं. जयाला मांडीवर बसवून त्यांनी पहिली रेषा शिकवली तीही तुटकच. जया म्हणाली, "ते यातही होते पापा. पण मुद्दाम करावं लागते. आपोआप काही येत नाही."

२१ नोव्हेंबर

गोरखपुरातल्या भानुमती भवनचं काम आलं. म्हातारे विष्णुपंत वारले, आता घर त्यांच्या मुलाचं, श्यामसुंदरचं. कोचिंगला येणाऱ्या मुलींसाठी तिथे हॉस्टेल काढायचं आहे आणि परवानगीसाठी नवीन नकाशा हवा. मी नाही म्हणणार होतो. हातात दोन कामं आहेत, गुडघा दुखतो, असं काहीबाही तोंडाशी आलंही होतं. पण जया आधीच हो म्हणून बसली.

या घराचा नकाशा २००२ साली मीच काढला होता. जाताना श्यामसुंदर दारात थांबून म्हणाला, "अंबादासजी, पिताजींच्या वेळी काढला होता ना, बिलकुल तसाच. वो बीच वाला कमरा रहने दीजिए." म्हणजे नकाशात नको. मी मान हलवली. मधली खोली म्हणजे जिन्याच्या लँडिंगला लागून जे बिनखिडकीचं खोपटं आहे, ते. ती नकाशात आली तर आधी खिडकी पाडा नाहीतर खोली बंद करा, असं नगर निगमवाले, म्हणजे पालिकेचे लोक, सांगणार.

जयाने जुनं ट्रेसिंग मागितलं. ताडून बघायला बरं, म्हणाली. मी सांगितलं, वाळवीने खाल्लं.

२३ नोव्हेंबर

मापं घेऊन आलो. घेऊन आलो म्हणजे जयाने घेतली. तिच्याकडे लाल ठिपका फेकणारं छोटं यंत्र आहे, दुसरं टोक धरायला माणूस लागत नाही. मी खालीच थांबलो. गुडघा.

तिथे लता नावाची बाई देखरेखीला ठेवली आहे. पस्तिशीची असेल, बालाघाटकडची, नवऱ्याने टाकलेली. मराठी बोलली तसा मी जरा बाजूला झालो. ती सध्या खालच्या दालनात एका कोपऱ्यात झोपते. मुली यायला लागल्या की तिला मधली खोली मिळणार आहे, ट्रंक तिने आताच वर नेऊन ठेवली आहे. स्वतःची खोली म्हणून खूश होती.

जया त्या खोलीत फार वेळ होती. एवढ्याशा जागेला दोन मिनिटं पुरतात. मला जिन्याच्या पायथ्याशी कोळशाच्या धुराचा वास आल्यासारखा वाटला, जयाला विचारलं तर म्हणाली, इथे तर गॅस आहे पापा. सर्दीमुळे नाक बिघडलं असेल माझं.

२७ नोव्हेंबर

घर कॉम्प्युटरमध्ये उभं राहिलं. हौस म्हणून गोल गोल फिरवून बघितलं.

मग दोन्ही मजल्यांचे काप घेतले, आणि खरं सांगायचं तर जीव भांड्यात पडला. मधली खोली कुठेच नाही. खालचा मजला चौदा फूट उंच, लँडिंग सात फुटांवर. तळमजल्याचा काप चार फुटांवर, म्हणजे खोली कापाच्या वर राहिली. पहिल्या मजल्याचा काप अठरा फुटांवर, आणि तिथून खाली बघितलं तर मधे पहिल्या मजल्याची फरशी, खोली तिच्याखाली. वरच्या नकाशात नाही, खालच्या नकाशातही नाही, आणि कोणी काहीच लपवलेलं नाही. मी तेव्हाही हेच सांगितलं होतं. आता कॉम्प्युटरही तेच म्हणतो आहे.

रात्री झोप चांगली लागली.

२८ नोव्हेंबर

सकाळी फाइल उघडली तर तळमजल्याच्या नकाशात मधली खोली. तुटक रेषेत, चारी बाजू. माझ्याच हातून काही दाबलं गेलं असेल. व्ह्यू रेंजचे आकडे पुन्हा भरले, गेली.

२९ नोव्हेंबर

पुन्हा आली. पुन्हा घालवली.

३० नोव्हेंबर

आज आकड्यांची चौकटच राखाडी झाली आहे, त्यात बोट घालता येत नाही. बाकी सगळ्या नकाशांत चालते, याच एका नकाशात नाही. जयाला विचारलं असतं, पण मग काय घालवायचं आहे ते सांगावं लागलं असतं. तिला यातलं काही माहीत नाही आणि ते तसंच राहिलेलं बरं.

ऑफिसात दोनच माणसं, तिसरं कोणी फाइलला हात लावत नाही. मला हे आवडत नाही.

२ डिसेंबर

नकाशाचा नाद सोडून उभा काप घेऊन बघितला. नुसतं बघायला, की खोली आत कशी दिसते. एरवी रिकामी असायला हवी होती. आत भिंतीला लागून एक खाट होती, आणि खाटेच्या पायथ्याशी एक गोल, वीतभर उंचीची वस्तू. मी ती जवळ आणून बघितली. शेगडी होती.

खुर्ची मागे ढकलून मी खाली टपरीवर जाऊन उभा राहिलो. चहा घेतला तो तसाच गार झाला. त्या खोलीत खाट कुठे होती आणि शेगडी कुठे होती, हे आज जबलपुरात कोणाला माहीत आहे? विष्णुपंत गेले. तेव्हा तिथे राहणारी मुलं शिकून कुठल्या कुठे निघून गेली. राहिलो मी.

हे लिहिणार नव्हतो, पण आता लिहितो.

पार्वताबाई तिचं नाव. २००२च्या दिवाळीच्या सुट्टीत मी भानुमती भवनची मापं घ्यायला गेलो तेव्हा ती तिथे स्वयंपाकाला होती. विष्णुपंत घरात मुलांची खानावळ आणि वसतिगृह चालवणार होते, त्याच्या परवानगीचा तो नकाशा. बाई भंडाऱ्याकडची, माझ्या आईच्या गावापासून चार कोसांवरची. परक्या गावात आपली बोली कानावर पडली म्हणून तिला कोण आनंद. तासातासाला चहा आणायची आणि मला भाऊ म्हणायची. ती मधल्या खोलीत राहायची. जया नऊ वर्षांची होती, टेपचं दुसरं टोक धरायला माझ्यासोबत यायची.

नकाशा झाला तेव्हा तो विष्णुपंतांना दाखवायला नेला. पार्वताबाई चहा ठेवून वाकली, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "भाऊ, माही खोली कुठं हाय याच्यात?"

मी म्हटलं, "ती वर आहे बाई. नकाशात दिसत नाही."

ती हसली. म्हणाली, मंग मी बी दिसत नसंन.

जानेवारीत थंडी पडली. तिने कोळशाची शेगडी खोलीत घेतली आणि दार लावून झोपली. सकाळी चहा आला नाही म्हणून मुलं वर गेली. चौकशीला आलेल्या साहेबांनी नकाशा पसरून मला विचारलं, ये कमरा इसमें क्यों नहीं है. मी सांगितलं, साहब, नक्शा चार फुट पर कटता है, कमरा सात फुट पर है. त्यांनी लिहून घेतलं. नियमच तसा आहे. मी नियमाबाहेर काही बोललो नाही.

३ डिसेंबर

खाट आणि शेगडी काढून टाकली.

४ डिसेंबर

दोन्ही परत जागेवर आहेत. खाटेवर आता एक घोंगडीही आहे.

६ डिसेंबर

आज महापरिनिर्वाण दिन, ऑफिस बंद. सकाळीच विहारात गेलो, बायको सत्यवती, जया आणि मी. वंदनेत लक्ष लागलं नाही. पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या ठिकाणी, ठसका लागला आणि खोकत राहिलो. हिने पाठीवर हात ठेवला, म्हणाली, धुळीचं काम कमी करा आता.

परत येताना सदर बाजारात जयाने मुरमुऱ्याचे लाडू घेतले. एक माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "असेच लाडू देत होती ना पापा, ती बाई? भानुमती भवनात?"

मी म्हटलं, असेल, मला आठवत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग रस्त्याकडे बघायला लागली. लहान मुलांना खाण्याचं तेवढं बरोबर लक्षात राहतं. बाकी काही तिला आठवत नसावं.

लाडू खिशातच राहिला.

९ डिसेंबर

श्यामसुंदरचा फोन. गुरुवारपर्यंत सही करून नकाशा द्या, मुली पुढच्या आठवड्यात येणार आहेत. लता रविवारी वर जाईल. मी विचारलं, वर थंडी नाही वाजणार तिला? तो म्हणाला, अरे गाव की औरत है, सिगड़ी रख लेगी.

फोन ठेवून मी पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसलो.

दुपारभर झटापट करून त्या राखाडी चौकटीवर उपाय सापडला. नकाशाची दुसरी प्रत करायची, तिला कुठलंही कुलूप नसतं. प्रत केली, काप चार फुटांवर, प्रिंट काढली. स्वच्छ नकाशा. मधल्या खोलीच्या जागी तिच्याखालच्या कोठीघराची पांढरी जमीन आणि बाकी काही नाही.

सहीला पेन टेकवलं आणि कानाशी आवाज आला, कागदावर ब्लेड घासल्यासारखा. जया समोर पेन्सिलला टोक करत होती, तोच असेल. ती बघत नव्हती. पण टोक झाल्यावरही ती ब्लेड चालवतच होती, पेन्सिल अर्धी होईपर्यंत. मी प्रिंट खणात ठेवली. सही उद्या करू.

११ डिसेंबर

सही झाली नाही.

आज घरी थांबलो. कपाटावरून ट्रेसिंगची नळी काढली. वाळवीने वगैरे काही खाल्लेलं नाही, ती सतरा वर्षं तिथेच आहे. कपाटावर बोटभर धूळ, नळी मात्र लख्ख. सत्यवतीने पुसली असेल, तिला स्वच्छतेचं वेड आहे.

ट्रेसिंग खिडकीच्या काचेवर धरलं. उजेडात सगळं दिसतं. रेषा काळ्या, कागद दुधी, आणि जिन्याच्या शेजारी, कोठीघरावर, एक चौकोनी जागा खरबरीत. तिथून उजेड जास्त येतो, कारण कागद तिथे पातळ झाला आहे. ट्रेसिंगवरची शाई खोडायची तर ब्लेडने खरवडावी लागते. पुसून जात नाही.

या वहीत मी चार फुटांची गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली. ती खरी आहे आणि तरी खोटी आहे. मी ती खोली काढली होती. बाबांनी शिकवलं तशी, तुटक रेषेत, शाईने, आत लिहिलं होतं ‘वर खोली, खिडकी नाही’. नकाशा घेऊन गेलो तेव्हा ती त्यात होती. विष्णुपंतांनी बघितली आणि म्हणाले, अंबादास, यामुळे सगळं अडकेल, काढून टाक. खणातून दाढीचं ब्लेड त्यांनीच दिलं. मी नाही म्हणू शकलो असतो. त्यांची आणखी दोन कामं मिळायची होती, आणि नुसती एक खोली तर आहे, असं मला वाटलं. तिथेच, त्यांच्या टेबलावर, मी ती खरवडली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

त्यानंतर पार्वताबाई चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा हवी म्हणून कागदावर पडलेली काळी भुकटी तिने पदराने पुसून घेतली. आणि मग वाकून विचारलं, माही खोली कुठं हाय.

ती खोली नकाशात राहिली असती तर कोणीतरी खिडकी पाडायला लावली असती. किंवा तिला तिथे झोपू दिलं नसतं. ती मेली नसती. हे मला त्या जानेवारीपासून माहीत आहे.

जया तेव्हा तिथे होती की नाही, आठवत नाही. बहुधा अंगणात खेळत होती.

१२ डिसेंबर

सकाळी खणातली स्वच्छ प्रिंट फाडली. कॉम्प्युटरवर पहिलाच नकाशा उघडला, तो राखाडी चौकटीचा. खोली त्यात होतीच, तुटक रेषेत. आज मी तिला घालवलं नाही. आत लिहिलं: ‘सात फुटांवर खोली. खिडकी नाही. येथे कोणासही झोपवू नये.’ सही केली. सोबत एक पत्र लिहिलं की २००२च्या नकाशात ही खोली होती, ती मी माझ्या हाताने खोडली, आणि जानेवारी २००३ मध्ये पार्वताबाई तिथे शेगडीच्या धुराने मेली. जयाने माझ्या खांद्यावरून पत्र वाचलं. प्रिंटरमधून कागद निघाले ते तिनेच सारखे करून फाइलमध्ये लावले.

एक प्रत निगमच्या आवक खिडकीवर दिली आणि पोच घेतली. माझा परवाना जाईल तर जाईल. एक श्यामसुंदरच्या हातात दिली. तो उभ्या उभ्या लाल झाला, म्हणाला दुसऱ्याकडून काढून घेतो, नक्शा बनाने वाले बहुत हैं. ते खरंच आहे. आणि निगमचा माणूस बघायला येईल तेव्हा येईल, रविवार तर तीन दिवसांवर. म्हणून तिसरी प्रत घेऊन मी लताकडे गेलो.

ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी नकाशा तिच्यासमोर पसरला. लोक नकाशात सगळ्यात आधी स्वतःची जागा शोधतात, पस्तीस वर्षांत मला याला अपवाद भेटलेला नाही. तिने बोट फिरवलं आणि विचारलं, "भाऊ, माही खोली कोणती हाय याच्यात?"

मी ओट्यावर बसलो. मग तिचं बोट धरून तुटक चौकोनावर ठेवलं.

"ही."

"अशी तुटक काहून काढली?"

मी तिला सांगितलं. पार्वताबाईचं नाव, गाव, शेगडी, बंद दार, आणि ब्लेड. काही गाळलं नाही. ती तांदळाचं सूप मांडीवर धरून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली की एकदा ती त्या खोलीत दुपारी पडली होती तर डोकं जड झालं होतं, तिला वाटलं उपासामुळे. मग उठली. आम्ही जिना चढलो. सतरा वर्षांनी मी त्या लँडिंगवर उभा राहिलो. खोली फार लहान आहे, माझ्या आठवणीतल्यापेक्षाही लहान. एक कडी तिने धरली, एक मी, आणि ट्रंक खाली आणली. श्यामसुंदर काही बोलला तर जबलपुरात दुसरीकडे काम बघीन, पण तिथं नाही झोपणार, असं ती म्हणाली. जयाच्या ओळखीत एका मेसला बाई हवी आहे, तो नंबर तिला दिला.

उतरताना कोळशाचा वास आलाच. या वेळी मी थांबून घेतला.

१४ डिसेंबर

दुपारी ऑफिसात ट्रेसिंग टेबलावर पसरलं. जुनं शाईचं पेन गरम पाण्यात ठेवून मोकळं केलं. सतरा वर्षं गुंडाळलेला कागद, सारखा गोल होऊन वर येत होता. जया आपली खुर्ची सोडून आली आणि वरचा डावा कोपरा दाबून धरला.

मी तिला म्हटलं, जया, त्या नकाशात ती खोली रोज सकाळी आपोआप येत होती.

ती म्हणाली, "आपोआप काही येत नाही पापा. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला."

मी वर बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण कोपरा सुटला नव्हता.

"तवाही हाच कोपरा धरला होता मी," ती म्हणाली. "तुम्ही खरवडत होते तेव्हा. तुम्हीच म्हटलं होतं, घट्ट धर, हलू देऊ नको."

मी बाबांची पट्टी घेतली आणि त्या खरबरीत जागेवर पहिला तुकडा ओढला. खरवडलेल्या कागदावर शाई थांबत नाही, पसरते, हे ट्रेसरच्या पोराला कोणी सांगायला नको. पसरली. दुसरा तुकडा ओढला, तिसरा ओढला, चारी बाजू पुऱ्या केल्या. आता अख्ख्या घरात तीच रेषा सगळ्यात जाड आहे, दारातून आत येणाऱ्यालाही दिसते.